एकच चार्जर, पण दिवा कोणता?

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील शालेय विज्ञान प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाण्याचा योग आम्हांला वरचेवर येतो. अशाच एका प्रदर्शनात नववीतील दोन मुलींनी अभ्यासाचा दिवा मांडला होता. लाकडी फळीखाली १२ व्होल्टची एलईडी पट्टी चिकटवलेली, तिला जोडलेला नखाएवढा 'ट्रिगर बोर्ड', आणि त्यात खोचलेली मोबाइल चार्जरची यूएसबी-सी तार. तक्त्यावर लिहिले होते : 'एकच चार्जर – मोबाइलला आणि दिव्यालाही'. कल्पना चांगली होती. पण दिवा काही केल्या नीट लागेना. पट्टी काजव्यासारखी मिणमिणत होती.

मार्गदर्शक शिक्षकांनी दुसरा चार्जर लावला, तोच प्रकार. मग कोणीतरी बोर्डावरचे बटन दोनतीनदा दाबले आणि पट्टी एकदम लखलखली. मिनिटाभरात फळीला चटका बसू लागला, वास आला आणि तार ओढावी लागली.

"सर, घरी चांगला लागला होता. आमचा चार्जर आणायला हवा होता," एक मुलगी म्हणाली.

"अगं बाळ, विजेला घर आणि शाळा कळत नाही," आमचे एक सहपरीक्षक हसून म्हणाले. मुलींना कमी गुण पडले. गुणपत्रिकेवर आमचीही सही होती.

आज आम्हांला वाटते की चूक त्या मुलींची नव्हती, आमची होती. यूएसबी-सीच्या 'पॉवर डिलिव्हरी' पद्धतीत विजेला घर आणि शाळा खरोखरच कळते. म्हणजे कोणता चार्जर आहे यावर तारेतून किती व्होल्ट येणार हे ठरते. 'एकच चार्जर सगळ्यांसाठी' ही घोषणा आता सर्वत्र ऐकू येते. भारतीय मानक ब्यूरोने यूएसबी-सी जोडणीचे आंतरराष्ट्रीय मानक जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे प्रसिद्ध केले. युरोपात डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना हीच जोडणी सक्तीची झाली. ही घोषणा दिव्याच्या बाबतीत कितपत खरी ठरते, हे येथे तपासून पाहावयाचे आहे.

हा प्रश्न आपल्या भागात निव्वळ हौसेचा नाही. २००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्यातील खेड्यांनी दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन सोसले. त्या काळात घरोघरी जे दिवे आले ते १२ व्होल्टचे होते, कारण हाताशी असलेली बॅटरी १२ व्होल्टची होती : इन्व्हर्टरची, ट्रॅक्टरची, सौर संचाची. आता परिस्थिती पुष्कळ सुधारली असली तरी पहिल्या वादळी पावसाला लाइट जाते ती जातेच. 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने आलेली आणि नांदेडच्या शिकवणी वर्गांसाठी राहिलेली हजारो मुले भाड्याच्या खोल्यांत रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. प्रत्येकाजवळ मोबाइलचा चार्जर आणि बहुतेकांजवळ पॉवर बँक असते. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या पॉवर बँकेत (आतील घटाचे ३.७ व्होल्ट धरून) सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा मावते. तीतून ५ वॅटचा दिवा, रूपांतरातील घट धरूनही, सहा तास सहज चालावा. तेव्हा मोबाइलच्या तारेवर चांगला दिवा चालणे ही खरी गरज आहे.

प्रथम या पद्धतीचे श्रेय तिला द्यायला हवे. आपल्या भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट सदैव उभे असतात. कोणी मागो वा न मागो. यूएसबी-सीच्या चार्जरमध्ये मात्र समोर कोणी जोडलेले आहे याची खात्री झाल्याशिवाय तारेत विद्युतदाब येतच नाही. उपकरणाच्या बाजूला ५.१ किलोओहमचा एक साधा रोध बसवलेला असतो. चार्जरला तो 'दिसला' की तो ५ व्होल्ट देतो. त्याहून अधिक हवे असेल तर दोन्हीकडच्या चिपमध्ये एका बारीक तारेवरून संभाषण होते. चार्जर आपली यादी सांगतो, उपकरण तीतील एक दाब मागते, चार्जर मान्य करतो आणि मगच दाब वाढतो. न मागता वाढीव दाब द्यायचा नाही, हा नियम सुरक्षेच्या दृष्टीने उत्तम आहे.

जत्रेत मिळणारे काही स्वस्त दिवे जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर चार्ज होतात, पण दोन्ही टोकांना 'सी' असलेल्या तारेवर होत नाहीत, हे अनेक शिक्षकांनी अनुभवले असेल. दुकानदार 'चार्जर खराब' म्हणतो. वास्तविक दिवा बनवणाऱ्याने काही पैसे वाचवण्यासाठी तो ५.१ किलोओहमचा रोध गाळलेला असतो. समोर कोणी आहे हेच नव्या चार्जरला कळत नाही, म्हणून तो काही देत नाही. जुन्या चार्जरला असे पाहण्याची सोयच नव्हती. तो आंधळेपणाने ५ व्होल्ट देत असे.

आता त्या यादीकडे वळू. यादीच्या ठरलेल्या पायऱ्या चार : ५, ९, १५ आणि २० व्होल्ट. साध्या तारेतून ३ अँपिअरपर्यंत विद्युतधारा नेण्यास परवानगी असते. शक्ती म्हणजे विद्युतदाब गुणिले विद्युतधारा, हे मुलांना ठाऊक असतेच. गुणाकार केला की १५, २७, ४५ आणि ६० वॅट असे आकडे मिळतात. बाजारातल्या चार्जरांवर हेच किंवा यांच्या जवळपासचे आकडे का असतात, याचे उत्तर वर्गात दोन मिनिटांत सापडते.

या यादीत १२ नाही! २०१२ साली पॉवर डिलिव्हरीची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तीत ५, १२ आणि २० व्होल्ट होते. २०१४ पासूनच्या आवृत्त्यांत ९ आणि १५ या पायऱ्या आल्या आणि १२ ऐच्छिक झाले. काही चार्जर आजही १२ व्होल्ट देतात, काही देत नाहीत. दोघेही नियमाप्रमाणेच वागत असतात. मुलींच्या घरचा चार्जर पहिल्या प्रकारचा असणार, शाळेतले दोन्ही दुसऱ्या प्रकारचे. मागितलेले १२ यादीत नसले की ट्रिगर बोर्ड आपल्या घडणीप्रमाणे ९ व्होल्टवर येतो किंवा ५ वरच थांबतो.

पण ९ व्होल्टवर पट्टी निदान पाऊण प्रकाश तरी का देत नाही? आणि १५ वर ती एवढी का तापावी? येथे एलईडीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो.

ज्या वर्षी किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षाच्या, म्हणजे १९९३ च्या, नोव्हेंबरात जपानमधील शूजी नाकामुरा यांचा तेजस्वी निळा एलईडी जगापुढे आला. आजचा पांढरा एलईडी म्हणजे पिवळसर चकाकी देणारा लेप चढवलेला निळा एलईडीच होय. निळ्या प्रकाशाच्या एका फोटॉनला सुमारे २.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. म्हणून पांढऱ्या एलईडीला जवळपास ३ व्होल्ट मिळाल्याशिवाय तो नीट उजळत नाही, आणि ३ व्होल्टच्या थोडे वर गेले की विद्युतधारा झपाट्याने वाढते. तिला आवर घालण्यासाठी सोबत रोध जोडावा लागतो. बारा व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी आणि सुमारे १५० ओहमचा एक रोध असा एकसर जोडणीतला गट असतो. तीन एलईडी ९ व्होल्ट घेतात, उरलेले ३ व्होल्ट रोधावर पडतात. ३ भागिले १५०, म्हणजे २० मिलिअँपिअर. पाच मीटरच्या पट्टीत असे १०० गट समांतर जोडलेले असले तर एकूण २ अँपिअर, म्हणजे २४ वॅट.

आता हीच पट्टी ९ व्होल्टवर लावा. सगळे ९ व्होल्ट एलईडींनाच लागतात, रोधासाठी काही उरत नाही, विद्युतधारा जवळजवळ शून्य. हा झाला काजवा. १५ व्होल्टवर लावा. रोधावर ३ ऐवजी ६ व्होल्ट पडतात. विद्युतधारा ४० मिलिअँपिअर, म्हणजे दुप्पट. विद्युतदाब केवळ पाव पटीने वाढला आणि विद्युतधारा दुप्पट झाली. रोधातली उष्णता तर चौपट! पूर्ण पट्टी आता ६० वॅट मागते. चार्जर ४५ वॅटचा असेल तर तो स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडेल. मोठा असेल तर पट्टी जळेल. २० व्होल्टवर विद्युतधारा ७३ मिलिअँपिअरच्या घरात जाते आणि काही क्षणांतच खेळ आटोपतो. (एलईडीवरचा दाब विद्युतधारेबरोबर किंचित वाढतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतात, पण निष्कर्ष बदलत नाही.)

येथे आमच्या टीकेचा पहिला मुद्दा येतो. पॉवर डिलिव्हरीचा करार दोन जाणत्यांमधला आहे. मोबाइल किंवा लॅपटॉप स्वतः ठरवतो की मला किती पेलवेल, आणि आलेला दाब आत स्वतःला हवा तसा उतरवून घेतो. एलईडी पट्टीजवळ असे काही नाही. एलईडी आणि रोध, एवढाच तिचा संसार. तिच्या वतीने बोलणारा ट्रिगर बोर्ड चार्जरशी बोलतो, पण मागे काय जोडले आहे याची त्याला गंधवार्ता नसते. तो दलाल आहे, राखणदार नाही. बटन दाबले की तो १५ मागेल, पुन्हा दाबले की २० मागेल. अशा बोर्डावर 'कोणत्याही चार्जरवर १२ व्होल्ट' असे छापून विकणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

दुसरा मुद्दा २४ व्होल्टच्या पट्ट्यांचा. लांब पट्टीसाठी जास्त दाब घेणे शास्त्रशुद्ध आहे. तेवढीच शक्ती दुप्पट दाबाने नेली तर विद्युतधारा निम्मी होते आणि तारेतला अपव्यय, जो विद्युतधारेच्या वर्गाप्रमाणे बदलतो, चौथ्या हिश्शावर येतो. चंद्रपूरची वीज मुंबईकडे नेण्यासाठी १९९९ साली सुरू झालेली चंद्रपूर–पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची दिष्ट धारेची वाहिनी अधिक-उणे ५०० किलोव्होल्टवर चालते, त्यामागेही हेच गणित आहे. म्हणजे यूएसबीने ५ वरून २० व्होल्टकडे जाणे ही दिशा योग्यच.

पण २० व्होल्टवर २४ व्होल्टची पट्टी लावून पाहा. तीत सहा एलईडी एका ओळीत असतात. त्यांना १८ व्होल्ट लागतात. ३०० ओहमच्या रोधावर ६ व्होल्ट पडायला हवे होते, तेथे २ च पडतात. विद्युतधारा एक-तृतीयांश, प्रकाशही त्याच सुमाराचा. २०२१ मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीने २८, ३६ आणि ४८ व्होल्ट आणि २४० वॅटपर्यंत शक्ती खुली केली. तेथेही २४ नाही. २८ व्होल्टवर तीच पट्टी दीडपटीहून अधिक विद्युतधारा घेते. शिवाय हे दाब देणारे चार्जर आणि त्यांना लागणाऱ्या खास चिप बसवलेल्या तारा साध्या चार्जरपेक्षा बऱ्याच महाग असतात. ४८ हा आकडा निवडण्यात मात्र शहाणपण आहे. जुन्या टेलिफोन केंद्रांत ४८ व्होल्टच्या बॅटऱ्या असत, म्हणून गावची लाइट गेली तरी टेलिफोन चालू राहत असे. हाताळण्यास बऱ्यापैकी सुरक्षित आणि लांबवर नेण्यास पुरेसा, असा हा दाब आहे.

याला दुसरी बाजूही आहे. १२ व्होल्टच्या पट्टीची बाजू घेताना तिचा दोष झाकता कामा नये. इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होत असताना तिच्या अग्रांवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब असतो. तेव्हा पट्टीतली विद्युतधारा ३६ मिलिअँपिअरवर जाते. बॅटरी उतरून ११ वर आली की ती १३ वर येते. '१२ व्होल्ट' हे लेबल तेव्हाही ढोबळच होते. घरोघरी अशा पट्ट्या वर्ष-दोन वर्षांत काळवंडतात, त्याचे एक कारण हेच असावे. आणि रोधात जाणारी ऊर्जा? १२ पैकी ३ व्होल्ट, म्हणजे पाव हिस्सा, निव्वळ उष्णतेत जातो. पॉवर बँकेतील ३.७ व्होल्टचे २० करा, २० चे परत १२ करा, प्रत्येक वेळी दहा टक्के गमवा आणि शेवटी पाव हिस्सा रोधात घालवा : शंभरातले सुमारे एकसष्ट एलईडीपर्यंत पोहोचतात. अभ्यास करणाऱ्या मुलाच्या दृष्टीने सहा तासांतले दोन तास वाया गेले.

मग करावे काय? दिवा दाबाच्या नव्हे, विद्युतधारेच्या हिशोबाने चालवावा. चार्जरकडून १५ किंवा २० व्होल्टची ठरलेली पायरी घ्यावी आणि मध्ये 'स्थिर विद्युतधारा' देणारा छोटा ड्रायव्हर बसवावा. समोर किती व्होल्ट आहेत याची पर्वा न करता तो एलईडींना ठरलेली विद्युतधारा देतो. १५ आले काय आणि २० आले काय, त्याच्या मर्यादेत दिवा तसाच राहतो. ड्रायव्हर मिळत नसेल तर १२ व्होल्टची पट्टी जुळवत बसण्यापेक्षा पायरीला साजेसे गट स्वतः जुळवावेत. २० व्होल्टसाठी पाच एलईडी आणि २५० ओहम घेतले की २० मिलिअँपिअर मिळतात. काटकसर म्हणून सहा एलईडी आणि १०० ओहम घेण्याचा मोह होईल. हिशोबात तेही २० च येतात. पण एलईडी सगळे सारखे नसतात. तीनऐवजी ३.२ व्होल्टचे निघाले तर पाचांच्या गटात विद्युतधारा १६ होते, सहांच्या गटात ८ वर घसरते. २.८ चे निघाले तर पाचांत २४, सहांत ३२. रोधात ऊर्जा वाया जाते हे खरे, पण त्या बदल्यात तो स्थैर्य देतो. किती वाया घालवून किती स्थैर्य घ्यायचे, हा अभियांत्रिकीचा मूळ प्रश्न नववीच्या गणितात बसतो.

टीकेचा शेवटचा मुद्दा आपल्याच विषयीचा आहे. नववीच्या 'धाराविद्युत' प्रकरणात ओहमचा नियम येतो. तो आपण असा शिकवतो की दाब दुप्पट तर विद्युतधारा दुप्पट, हे प्रत्येक वस्तूचे लक्षण आहे असे मुलांच्या मनात ठसते. वास्तविक हा नियम धातूच्या तारेसारख्या काही वाहकांचा आहे, तोही तापमान स्थिर असताना. मुलांच्या हातात रोज जे दिवे असतात ते तो पाळत नाहीत. दहावीत उष्णता परिणामाचे सूत्र येते, पण पट्टी का तापली हे विचारायला ते कोणी वापरत नाही. आणि प्रदर्शनात आम्ही परीक्षक पाहतो ते एवढेच की दिवा लागला का. लागला तर गुण, नाही लागला तर वजा. योग्य चार्जर घेऊन आलेला मुलगा हुशार ठरतो आणि चुकीचा चार्जर हाती आलेली मुलगी नापास. यात विज्ञान कोठे आले?

वर्गात करण्याजोगा प्रयोग अगदी सोपा आहे. एक ट्रिगर बोर्ड, एक मल्टिमीटर आणि शिक्षकांच्या व मुलांच्या घरचे पाच-सहा चार्जर गोळा करावेत. पट्टी जोडू नये. प्रत्येक चार्जरवर बोर्डाने १२ व्होल्ट मागावेत आणि मिळालेला दाब वहीत लिहावा. चार्जरवर बारीक अक्षरांत छापलेली यादीही शेजारी उतरवून घ्यावी. मग १५० ओहमच्या रोधासह तीन एलईडींचा एकच गट घेऊन ९, १२ आणि, क्षणभरच, १५ व्होल्टवर विद्युतधारा मोजावी आणि आलेख काढावा. तो सरळ रेषेत मूळ बिंदूतून जात नाही, हे मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे महत्त्वाचे. २३० व्होल्टच्या दिव्याचे झाकण उघडून त्यातील पट्टी या कामी वापरण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातील काही दिव्यांत एलईडी थेट मुख्य विजेच्या दाबावर चालतात आणि तो धक्का जीवघेणा असतो.

ती मुलगी म्हणाली होती, "घरी चांगला लागला होता." हे एक निरीक्षण होते, आणि अचूक होते. घरी लागतो व येथे लागत नाही, तर बदलले काय, असे आम्ही विचारायला हवे होते. खिशातला मल्टिमीटर काढून तिच्या हाती द्यायला हवा होता. यंदाच्या प्रदर्शनांत असा दिवा समोर आला, तर गुणपत्रिका भरण्यापूर्वी परीक्षकांनी एवढे तरी करावे.